तारीख नसलेला मेसेज

परळच्या हॉस्पिटलात क्षितिजाला ऑपरेशनसाठी आत नेलं होतं आणि रक्तपेढीत बी निगेटिव्हची एकही पिशवी नव्हती. बाहेर तिचे वडील मनमोहनराव ग्रुपवर मेसेज टाकायला बसले. तेवढ्यात अनोळखी नंबरवरून फोन आला.

"काका, नलूताईंना बी निगेटिव्ह हवंय ना? मी हितेंद्र, लालबागहून बोलतोय."

"मेसेज जुना आहे हो. पेशंट गेली," मनमोहनराव सवयीनं म्हणाले आणि त्यांनी फोन कापला. बायको जाऊन तीन वर्षं झाली, तरी तिच्यासाठी टाकलेला तो बिनतारखेचा मेसेज अजून मुंबईभर फिरत होता. प्रत्येकाला ते हेच सांगत.

पुढच्याच क्षणी ते भानावर आले. त्यांनी तो नंबर लावला. एंगेज. पुन्हा लावला.

"ये रे बाबा, मेसेजमधल्याच हॉस्पिटलात लगेच ये! रक्त हवंय."

"अहो, आत्ता तर पेशंट गेली म्हणालात. मस्करी करताय काय?"

"ती गेलीच रे. आत तिची मुलगी आहे."

पलीकडे टॅक्सीचं दार लागल्याचा आवाज आला.

"कितव्या मजल्यावर येऊ?"