पायी येणारी पोरं

बोयसरच्या भाड्याच्या खोलीत बसून भावेशने मोबाइलवरचा एक गेम बनवला, थेट त्याच्या लहानपणीच्या गेमसारखा. तेच जाडे चौकोनी ठिपके, तेच टिंगटिंग संगीत, आणि राक्षसाच्या गुहेपर्यंत सगळी वाट वीराने पायी तुडवायची. त्या वाटेवर त्याने जवळच्याच मुरबे गावात राहणाऱ्या आपल्या आईलाच बसवलं. बोंबील वाळत घालता घालता ती प्रत्येक वीराला हाक मारायची, "दमलास ना? जेवून जा."

जुनं रूप लोकांना फार आवडलं, पण चालायचा कंटाळा आला. तक्रारींनी जीव नकोसा झाला, तेव्हा भावेशने नाइलाजाने एक बटण दिलं. दाबलं की वीर थेट गुहेच्या दारात. त्या दिवसापासून आईच्या बाजूला कोणी फिरकेना.

आई मात्र रोज संध्याकाळी हौसेने फोन करायची. "आज कोन जेवून गेला रे?"

"खूप जण आले, आई." त्याच्याने खरं सांगवेना.

आज हे ऐकून ती म्हणाली,

 

"परकी पोरं एवढी पायी येतात, नि तुज्याकडे तर मोटारसायकल हाय."