टाळी

गडहिंग्लजजवळच्या लहानशा तळ्याच्या पायरीवर गंगव्वा रोज सकाळी टाळी वाजवायची. मासे धावत यायचे आणि ती त्यांना कणकेच्या गोळ्या घालायची. तिच्या घरात कुणी कधी माशाला शिवलं नव्हतं. पण माशांना घास घातल्याशिवाय तिला स्वतःला जेवण जायचं नाही.

त्या दिवशी पायरीवर एक पावणा गळ टाकून बसला होता. शेजारी पिशवी गच्च भरलेली.

"एवढं कसं वो गावलं?" तिनं विचारलं. "ह्या तळ्यात मासं गळाला लागत न्हाईत म्हणत्यात की."

"तुमचंच बघून शिकलो, आक्का. गळाला कणीक लावली, टाळी वाजवली, की पायरीशी हजर! दोन घिऊन जावा की, तुमचंच हाईत."

गंगव्वा घरी गेली. त्या दिवशी ती जेवली नाही.

दुसऱ्या दिवशी तिनं पुन्हा टाळी वाजवली. उरलेसुरले मासे वर आले, तशी ती ओच्यातले दगड काढून त्यांच्यावर फेकू लागली.

"येऊ नगासा रं! टाळी ऐकून येऊ नगासा!"

पण दगड जिथं पडेल, तिथं मासे तोंड उघडून धावत होते.