न लिहिलेले कडवे

"पुन्हा लावा," असे उर्वीने हातानेच सांगितले आणि पोलीस ठाण्यातल्या संगणकाच्या आणखी जवळ खुर्ची ओढली.

पडद्यावर अपूर्व गात होता. चिपळूणच्या कार्यक्रमात कोणीतरी रंगमंचाच्या कडेवरून त्याचा चेहरा अगदी जवळून टिपला होता. हेवी मेटलमधील या प्रकारात स्वरतंतूंच्या वरचे पडदे थरथरवून गुरगुराट काढतात, आणि त्यात शब्द बुडून जातात. उर्वीला त्याची अडचण नव्हती. ती जन्मापासून बहिरी होती. ती ओठ वाचत होती.

"माझा भाचा हे दिवसभर लावतो," उपनिरीक्षक राजश्री मयेकर म्हणाल्या. "मला वाटायचं, मिक्सरमध्ये करवंटी अडकली."

"आमच्या शेजारचा कुत्रा तर याला उत्तर देतो," कमलाबाई म्हणाल्या. "असा बघू नकोस रे, तुझं कौतुकच करत्ये."

भिंतीलगतच्या बाकावर बसलेला अपूर्व हसला नाही.

चिपळूणचा कार्यक्रम संपल्यावर त्याच रात्री पावस गावाजवळचे, गावकऱ्यांचा विरोध असलेल्या प्रकल्पाचे कंपनी-कार्यालय जळाले आणि पहारेकरी होरपळला. कंपनीची तक्रार अशी, की अपूर्वने शेवटच्या कडव्यात जमावाला ते जाळायला सांगितले. ते कडवे कोठेही लिहिलेले नव्हते. बँडमधल्या कोणालाही ते ठाऊक नव्हते. 'ज्याला जे ऐकू येईल, ते त्याचं,' एवढेच अपूर्व मुलाखतींतून सांगत आला होता. आता त्या उत्तरावर त्याच्या आयुष्याची कित्येक वर्षे टांगली होती.

अपूर्वला सोडवण्यासाठी ओठवाचनाची कल्पना काढली ती कमलाबाईंनी. त्या कर्णबधिर विद्यालयाच्या निवृत्त मुख्याध्यापिका. उर्वी त्यांची विद्यार्थिनी, आणि आज तिच्या खुणांचे बोलण्यात रूपांतर करणाऱ्याही त्याच. प, ब आणि म ओठांवर सारखेच दिसतात, एका चित्रणावर विसंबणे अशास्त्रीय ठरेल, हे त्यांनी आधीच बजावले होते. म्हणून निरनिराळ्या कार्यक्रमांची चित्रणे मागवली होती.

"कोर्टात याचं वजन किती, ते कोर्ट बघेल," राजश्री म्हणाल्या होत्या. "हा नक्की काय गातो, तेवढं मला कळू दे."

विरोध केला तो अपूर्वनेच. "नको काकू. जातो मी आत. चळवळीला बरंच आहे."

"हुतात्मा व्हायची हौस पुरे झाली," कमलाबाई म्हणाल्या. "एक गेली तेवढी बास."

ती एक म्हणजे स्वानंदी, कमलाबाईंची मुलगी. अपूर्वच्या बँडमध्ये ती ड्रम वाजवायची. त्या काळात त्यांची गाणी सांगाडे आणि स्मशाने यांच्यापलीकडे जात नसत. अपूर्वला राजकारणाचे वावडे होते. प्रकल्प आला तर चार नोकऱ्या येतील, एवढेच त्याचे मत. स्वानंदी मात्र कातळसड्यावरच्या, म्हणजे गावामागच्या उघड्या खडकाळ पठारावरच्या, जमीनमोजणीविरुद्ध उभी राहिली, आणि त्यावरून दोघांचे खटके उडत. एका संध्याकाळी दोघे सड्यावर गेले. अपूर्व एकटा परतला. कंपनीची माणसे पाठीस लागली, पळताना ती कड्यावरून खाली गेली, असे त्याने सांगितले. पाठलाग करणारे कधीच सापडले नाहीत.

त्यानंतरचा अपूर्व निराळाच होता. 'सडा' हे गाणे त्याने त्याच वर्षी केले आणि ते राज्यभर पोहोचले. तो मोर्चांच्या पुढे चालू लागला. जमिनी द्यायला तयार झालेल्या बागायतदारांनी स्वानंदीच्या नावाने शपथ घेऊन कंपनीचे करारांचे कागद परत केले. मोजणी थांबली.

अमावस्येला स्वानंदी सड्यावर ओरडते, असे वाडीत बोलत. कमलाबाई ऐकून घेत. सड्यावरच्या जांभ्या दगडाच्या भोकांतून वारा शिरला की शीळ उमटते, हे त्यांनी भोके बुजवून आणि पुन्हा उघडून स्वतः पडताळले होते. गाण्याचा मात्र उलगडा होत नव्हता. रिक्षात, एसटी स्थानकात, कोणाच्याही फोनवर ते शेवटचे कडवे लागले, की कोणीतरी आपल्यालाच हाक मारत आहे असे त्यांना वाटे. मेंदू गोंगाटातही अर्थ शोधतो, असे त्या स्वतःला समजावत. आणि तरीही चालता चालता थांबत.

उर्वीने चित्रण थांबवले. तिने अपूर्वकडे पाहिले, मग कमलाबाईंकडे.

'सांग,' कमलाबाईंनी खूण केली.

'माझी चूक होत असेल.'

'सगळ्या चित्रणांत तेच दिसतं?'

'तेच.'

'मग चूक नव्हे. सांग.'

बाहेर फाटकाशी माणसे जमली होती. पावसच्या बागांतल्या बायका, त्यांच्यामागे काळ्या टी-शर्टातली मुले. स्वानंदीच्या नावाच्या घोषणा खिडकीतून आत येत होत्या. उर्वीला त्या ऐकू येत नव्हत्या.

तिचे हात सावकाश हलू लागले.

'मागे कोणी नव्हतं, स्वानंदी. आपण भांडत होतो. मी तुला ढकललं. तुझी आई मला जेवायला वाढते.'

"काय म्हणते ती?" राजश्रींनी विचारले. त्यांची बोटे कळफलकावर तयार होती.

कमलाबाईंनी चष्मा काढून पुसला आणि पुन्हा चढवला. घोषणा चालूच होत्या. उर्वीची नजर आता बाईंच्या ओठांवर खिळली होती.

"'जाळा,' असं म्हणतो," कमलाबाई स्पष्ट उच्चारात म्हणाल्या. "'ऑफिस जाळा.' प्रत्येक चित्रणात तेच आहे. तक्रार खरी आहे."

राजश्री बाकाकडे वळल्या. "हेच गातोस?"

अपूर्वने कमलाबाईंकडे पाहिले.

"हेच," तो म्हणाला.