हिरोच्या मित्राचा आवाज

शाळेतल्या पोरांच्या त्या सिनेमात हिरोला एक नाजूक, लाजरा मित्र होता. तो पडद्यावर आला की लोकांनी हसायचं, एवढंच त्याचं काम. डबिंग कलाकाराने त्याला असा काही आवाज दिला, की दिग्दर्शक खूश होऊन म्हणाला, "कमाल केलीत, दादा! कुठून उचललात हा?"

"घरातूनच. आमचे चिरंजीव अस्सेच बोलतात."

सिनेमा तुफान चालला. चिरंजीवांनी वर्गात तोंड उघडलं, की पोरं ओरडायची, "ए हिरोइन, तो डायलॉग मार की!" हळूहळू त्याने बोलणंच सोडलं. आता घरीही तो नुसती मान हलवतो.



लेकाचा आवाज ऐकावासा वाटला, की त्याची आई तो सिनेमा लावते.