शेजारचा रकाना

नव्या बॅचला शिकवायला म्हणून मृदुलाने दोन वर्षांपूर्वीचाच क्रॅश डंप उघडला. सर्व्हर कोसळताना आपली सगळी मेमरी एका फाइलमध्ये ओतून जातो; त्या क्षणी कोणकोणत्या प्रोसेस, म्हणजे प्रोग्रामच्या चालू प्रती, होत्या, ते तीत सापडतं. या यादीत एकाच प्रोग्रामच्या चारशे प्रती होत्या. प्रोग्राम हुपरीकर सरांचा, ज्यांनी तिला डंप वाचायला शिकवलं त्यांचा. त्यानेच मेमरी गिळली, असा अहवाल तेव्हा तिनेच लिहिला होता. सरांनी चकार शब्द काढला नाही. राजीनामा देऊन ते सांगलीला निघून गेले.

आज उदाहरण नीट समजवायचं म्हणून तिने शेजारचा रकाना वाचला. प्रत्येक प्रोसेसला जन्म देणाऱ्या प्रोसेसचा नंबर तिथे असतो. चारशेही ओळींत एकच नंबर होता. तो तिने यादीत शोधला. ती तिचीच स्क्रिप्ट होती, चाचणीसाठी सरांचा प्रोग्राम पुन्हा पुन्हा सुरू करणारी आणि बंद करायची राहून गेलेली.

तिने फोन लावला. "सर, तो डंप... चूक माझी होती."

"ठाऊक आहे. मी त्याच दिवशी पाहिलं होतं."

"मग बोलला का नाहीत?"



"राजीनामा खिशात ठेवून संध्याकाळपर्यंत थांबलो होतो गं. म्हटलं, हिला आपण शिकवलंय. शेजारचा रकाना वाचल्याशिवाय राहायची नाही ती."