दोन मुठी पाकळ्या

"सांगणार नव्हते," जिन्यात भेटलेली शेजारीण म्हणाली, "पण सकाळी तुझ्या बाबांच्या हातात बाटली पाहिली."

उरलेल्या पायऱ्या लेक कशी चढली तिचं तिलाच ठाऊक. आई गेल्यावर सहा महिने बाबांनी पिण्याशिवाय दुसरं काही केलंच नव्हतं. हात इतके थरथरायला लागले की घड्याळदुरुस्तीचं दुकान बंद पडलं. मग दारू कशीबशी सुटली. पाच महिने थेंबाला शिवले नव्हते.

दार नुसतं लोटलेलं होतं. घरात दारूचा वास भरला होता, आणि गुलाबाचा. बाबा स्वयंपाकघरात टेबलाशी पाठमोरे, वाकून बसले होते.

"बाबा, घेतलीत?"

"घेतली." मान वर केली नाही.

"किती?"

"दोन मुठी."

"मुठी?"

"अजून लागली असती. पण कुंडीत आता कळ्याच उरल्यात. त्यांच्या मुळावर कशाला उठायचं?"

ती पुढे झाली. बाबांच्या एका डोळ्याला दुकानातलं भिंग होतं. एकेक पाकळी चिमट्यात धरून ते तिच्या बुडाचा पांढरा भाग कात्रीने उडवत होते.

"हा पांढरा राहिला की कडू होतं. तुझी आई नखाने काढायची. मला हत्याराशिवाय काही येत नाही. बस ना, वाढदिवसाच्या दिवशी उभी काय राहतेस! दर वर्षी ती तुला ही गुलाबाची जिन करून द्यायची. म्हटलं, यंदा तुझा पेला चुकायला नको."

चिमटा जराही हलत नव्हता. पण तेव्हाही दोन पेग पोटात गेले की हात असेच स्थिर व्हायचे. लेकीला ते माहीत होतं.

जिनची बाटली ओट्यावर होती. अर्धी.

"बाकीची कुठे गेली?"

"त्या बरणीत. पहिली मूठ सकाळपासून तिच्यात भिजतेय."

"सगळी बरणीत?"

बाबांनी भिंग काढून ठेवलं. "शपथ घेऊ का?"

"नको. शपथा खूप झाल्या."

"तेही खरंच," बाबा म्हणाले आणि उठले.

त्यांनी दुसऱ्या मुठीच्या पाकळ्या पाण्यात उकळल्या. पाणी मळकट झालं. गाळलं, थंड पाण्यात भांडं ठेवून निववलं. मग वरून लिंबू पिळलं आणि ते मळकं पाणी एकदम गुलाबी झालं.

"बघ, बघ!" बाबा ओरडले. लेक रंगाकडे बघत नव्हती. त्यांच्या पावलांकडे बघत होती, डोळ्यांकडे बघत होती.

बरणीतली जिन मापून घातली. बर्फ घातला, सोडा घातला. पेला एकच भरला.

"तुम्हाला?"

"मला नुसता सोडा."

"चव तरी पाहिलीत?"

"चव पाहतो म्हणूनच सुरुवात होते, मला विचार. तू सांग कशी झालीये."

तिने घोट घेतला आणि तिची जीभ आत ओढली गेली. आंबट, तुरट, वर जिनचा कडूपणा. दात आंबले, डोळ्यांत पाणी आलं. आई जिनबरोबर बरणीतच घालायची ती साखर नव्हती. कणभरही नव्हती. बरणीतला एक थेंब जिभेवर पडता तरी कुणालाही कळलं असतं.

तिने बाबांकडे पाहिलं. ते हात पुसायचं फडकं मुठीत धरून, निकाल लागायची वाट पाहणाऱ्या मुलासारखे उभे होते.

"का गं? बिघडली का?"

ती हसायला लागली. हसता हसता खुर्चीत मागे रेलली. जिन्यापासून धरून ठेवलेला श्वास आता कुठे सुटला.

"अगं, बोल ना! आईसारखी नाही झाली ना?"

"बाबा," डोळे पुसत ती म्हणाली, "आईला अशी कधी जमलीच नव्हती."

आणि तिने पेला दोन्ही हातांत धरून दुसरा, चांगला मोठा घोट घेतला.