सातवा खण

देवकाबाईंनी दगड तळहातावर एकदाच तोलला. "सौंसरचा संगमरवर. लिहून घे."

प्राजक्ताने लिहून घेतलं. नागपूरला भूगर्भशास्त्रात एम.एस्सी. करणारी ही नात भिंग, लोहचुंबक आणि आम्लाची बाटली मांडून बसली होती. पण आजीचा हात तिच्या बाटलीच्या आधी निकाल देत होता. गारगोटी, अकीक, अभ्रकाचा चमचमता दगड. एकही चुकला नाही.

देवकाबाईंचं माहेर सौंसर. वडील मँगनीजच्या खाणीवर कामाला. त्यांनी संत्र्याच्या पेटीच्या फळ्या कापून लेकीला तीस खणांचा डबा करून दिला होता. प्रत्येक दगडाच्या बुडाशी पांढऱ्या ऑइलपेंटचा आकडा, तोच आकडा खणात. लग्नात देवकाबाई तो डबा घेऊन पांढुर्ण्याला आल्या. सुनेने माहेराहून दगड आणले म्हणून सासूबाई महिनाभर शेजारणींना सांगून हसत होत्या. पुढे त्याच दगडांवर देवकाबाईंनी शाळेत तीस वर्षं शिकवलं. आता डबा शाळेलाच द्यायचा होता, म्हणून ही यादी.

"आजी, सातवा खण रिकामा आहे."

"हरवला. पुढचा घे."

बंगईवर झोका घेत आजोबा, पुंडलिकराव, एका डोळ्याने वर्तमानपत्र वाचत होते. डावा डोळा अठ्ठेचाळीस वर्षांपूर्वी गोटमारीत गेला. पोळ्याचा दुसरा दिवस, जाम नदी, मधोमध रोवलेला पळसाचा झेंडा. या काठावर पांढुर्णा, त्या काठावर सावरगाव; दोन्हीकडून एकमेकांवर दगड, आणि झेंडा काढील ते गाव जिंकलं. पुंडलिकराव पाण्यात उतरले, झेंड्याला हात लागणार तोच दगड आला. समोर सावरगावचा यशवंतराव उभा होता. त्याच्या नेमाची ख्याती होती, तेव्हा कोणी मारला हे कोणाला विचारावं लागलं नाही. तो दगड पुंडलिकरावांनी मुठीत धरला आणि तसंच त्यांना दवाखान्यात नेलं. तेव्हापासून तो लाल फडक्यात बांधून त्यांच्या कपाटात होता. किल्ली जानव्याला. दरवर्षी ते गाठोडं फक्त दाखवत, फडकं कधी सोडत नसत.

आणि प्राजक्ताला लग्न करायचं होतं ते त्याच यशवंतरावांच्या नातवाशी, सुमेधशी. मुलगा बोरगावला कारखान्यात इंजिनिअर, स्वभावाने शांत. आईवडील कबूल होते. पुंडलिकराव नव्हते. मी त्या दारात पाय ठेवणार नाही, एवढंच म्हणत. आजोबांशिवाय लग्न करायचं नाही, असं प्राजक्ताने ठरवलं होतं. सुमेधच्या घरी रविवारपर्यंत उत्तर द्यायचं होतं.

तिसाव्या खणातला दगड लिहून झाला. देवकाबाईंनी पदराला हात पुसले.

"अहो, कपाटातला दगड द्या."

वर्तमानपत्र खाली आलं. "काऊन?"

"पोरीच्या लग्नाचा निकाल तो दगड देऊन राहिला. त्याची जात तर पाहू."

"दगडाची काय जात पाहता? काळा दगड आहे, नदीतला."

"नदीतला आहे की नाही, तेच पाहू."

पुंडलिकराव म्हणाले, जुन्या गोष्टी उकरू नका. मग म्हणाले, चहा ठेवा. मग म्हणाले, किल्ली सापडत नाही. देवकाबाईंनी त्यांच्या जानव्याकडे नुसतं पाहिलं. एवढ्या वर्षांत त्यांनी तो दगड कधी मागितला नव्हता. पुंडलिकरावांनी किल्ली काढून दिली.

फडक्यातून मुठीएवढा काळा दगड निघाला. प्राजक्ताने तो हातात घेतला आणि तिच्या भुवया वर गेल्या. आकाराच्या मानाने तो फार जड होता. देवकाबाईंनी फुटक्या कपाचं बूड पुढे केलं. त्याच्या खरखरीत कडेवर अंगणात पडलेला नदीतला काळा दगड घासला, तर फिकट करडा ओरखडा उठला. मग हा घासला. कोळशासारखी काळी रेघ उमटली.

"मँगनीज," प्राजक्ता म्हणाली. तिचा आवाज चढला. "आबाजी, जामच्या दोन्ही काठांना एकच खडक आहे. गोटमारीचे दगड तर तिथूनच गाड्या भरभरून आणतात. हा सौंसरकडचा. सावरगावच्या माणसाजवळ हा कुठून येईल?"

"मंग आला कुठून?" पुंडलिकराव हळूच म्हणाले.

देवकाबाईंनी दगड घेतला आणि सातव्या खणात ठेवला. तो तिथे नेमका बसला.

"आपल्या नदीकाठच्या गच्चीवरून," त्या म्हणाल्या. आवाज वर्गात शिकवताना असायचा तसाच, स्थिर. "पावसाळ्यात डब्याला ऊन दाखवायला मी वर नेला होता. तुम्ही झेंड्यापाशी पोचले अन् मला समोर यशवंतरावांचा हात उगारलेला दिसला. मी नेम त्यांच्यावर धरला होता. तेवढ्यात तुम्ही मागं वळून गच्चीकडं पाहिलं, अन् दगड आखूड पडला, तुमच्याच डोळ्यावर. त्या माणसानं काही केलं नाही. पोरीला अडवू नका. काय बोलायचं ते मला बोला."

प्राजक्ताने उगाच काहीतरी करायचं म्हणून तो दगड उचलला आणि उलटा केला. बाकीच्या एकोणतीस दगडांच्या बुडाशी पांढरा आकडा होता. इथे आकड्याच्या जागी नुसता खरवडलेला डाग होता.

"आजी, आकडा तू काढून टाकला?"

देवकाबाईंनी डागावरून अंगठा फिरवला. त्या दिवसानंतर हा दगड आज पहिल्यांदाच त्यांच्या हाती आला होता.

बंगई थांबली.

"मी काढला," पुंडलिकराव म्हणाले. "दवाखान्यात, चमच्याच्या दांडीनं. लोकांनी यशवंताचं नाव घेतलं, मी घेऊ दिलं. आता त्याच्या दारात कोणत्या तोंडानं जाऊ, म्हणून नाही म्हणून राहिलो होतो."